रुमालाखालचा भाव

मानवतच्या जिनिंगमागं आमचं घर,
त्यामुळं माझ्या भौतिकशास्त्राच्या वह्यांनाही
थोडी रुई चिकटलेली असते.

बारावीला आज प्रोटॉन शिकवला.
आत तीन क्वार्क, असं पुस्तक म्हणतं,
आणि परीक्षेपुरतं ते खरं आहे.
मागच्या बाकावरून मुंजाजी दुधाटे म्हणाला,
मॅडम, सरकी काढतात तसा एखादा बाहेर काढता नाही का येत?
वर्ग हसला. मी हसले नाही.
नाही येत, मुंजाजी.
ओढलास तर ओढण्याच्याच जोरातून
नवी जोडी जन्मते, आणि तुझ्या हातात
पुन्हा एक अख्खं बोंड.

संध्याकाळी हे दादांना सांगत होते.
दादा एकतीस वर्षं अडतीवर ग्रेडर.
गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा,
चिमूटभर कापूस उपसायचा,
अंगठ्यांच्या नखांमध्ये ताणून धागा जोखायचा
आणि गाडीभराचं बोलायचं.

मी म्हटलं, दादा, आम्हीही तेच करतो.
फक्त गाडी म्हणजे मिलिमीटरच्या
अब्जाव्या भागाचा हजारावा भाग,
आणि हात म्हणजे इलेक्ट्रॉन.
तो आत शिरतो, एक चिमूट बघतो,
आणि त्या चिमटीत नुसता कालवा:
किती कण, कुठले, कुणीकडं, काही ठरलेलं नाही.
पण अख्खा प्रोटॉन घ्या,
त्यात गोंधळ शून्य.
थोडासा नाही. शून्य.

दादांनी चष्मा काढला.
"गाडी निवळ अन् चिमूट गढूळ?
असं कसं व्हायलंय? मंग चिमूट खोटी."

खोटी नाही, दादा.
तिचं जे काही ठरलं होतं
ते मागं राहिलेल्या कापसाशी मिळून ठरलं होतं.
तुम्ही अर्ध्याकडंच पाहिलं.
जे पाहिलं नाहीत त्याच्याशी जेवढी गुंतागुंत,
तेवढाच या चिमटीतला गोंधळ.
धडकेनंतर उडालेल्या कणांच्या गर्दीतही
तोच हिशेब निघतो,
पैपैचा नाही, पण बराचसा जुळतो.

ते कितीतरी वेळ बोलले नाहीत.
बाहेर प्रेसचा भोंगा झाला.
मग खुंटीवरचा रुमाल काढून
त्यांनी माझ्या हातावर टाकला, खालून बोटं धरली.
तीन बोटं. मग एक पेर. मग तळव्यावर हलकी चापट.
"गफूरसेठशी असाच भाव करायचो.
भर बाजारात, शंभर माणसं भवती,
कुणाला काडीचं कळायचं नाही.
आता तू सांग, भाव कुठं होता?
माझ्या बोटात नव्हता, मी तर नुसता धरायचो.
त्याच्या बोटात बी नव्हता."

सांगणार होते की उपमा तोकडी आहे.
तिथं रुमाल उचलून पाहिलं
तर धरणंच सुटतं.
शिवाय आत दोनच हात नाहीत;
जितकं बारीक पाहाल
तितके वाढत जाणारे हात आहेत,
आणि गफूरसेठ तर जाऊनही नऊ वर्षं झाली.

पण दादांची बोटं अजून माझ्या बोटांत होती,
कुठल्यातरी जुन्या सौद्यावर थांबलेली.
सातशे ऐंशी असावेत, की आठशे,
मला वाचता येईना.
मी विचारलं नाही.

उद्या मुंजाजीच्या वहीत
लाल शाईनं लिहायचं आहे:
तीन, बरोबर. पुढं जागा सोड.