आवंढा गिळू नका

आधी जेल लावते. गार आहे, सांगून ठेवते.
तरी रिस्ती-आपा दचकतातच.
वय एकोणऐंशी, गवताळ माळावरून चार तासांची बस,
पिशवीत वाळवलेल्या दह्याचे गोळे. माझ्यासाठी.

प्रोब गळ्यावरून फिरतो.
विहिरीत हाक मारावी तसा आवाज आत सोडायचा
आणि कान देऊन बसायचं.
उजवीकडे एका जागी हाक नीट परतत नाही.
तिथं काळं आहे, कडा फाटक्या, आत चुन्याचे कण.
माप घेते: अकरा मिलिमीटर. बोलत काही नाही.
आमच्या कामात तोंडाला पगार नाही.

पुस्तकं या ग्रंथीला फुलपाखरू म्हणतात.
सेमेयमध्ये मी तरी म्हणत नाही.
मला ती दुहेरी झोळी वाटते,
घोड्याच्या दोन्ही अंगांना लोंबणारी,
वाटेत मिळेल ते भरून घेणारी,
निवडणं-पाखडणं काही नाही.

दुपारी शिरेत औषध. वीस मिनिटं बाकावर.
मग गॅमा कॅमेरा. हे यंत्र काहीच सोडत नाही,
नुसतं वाट बघतं.
उजेड त्यांच्याच गळ्यातून यायचा असतो.
खांद्यांखाली उशी, मान मागे.
"हलायचं नाही, आपा. आवंढासुद्धा गिळू नका."

त्या हसतात. म्हणजे हलतातच.
"शिपाईही असंच म्हणाले होते.
पालथे पडा, हलू नका, वर बघू नका.
मी सात वर्षांची. मी बघितलं.
संध्याकाळी आईनं गाय पिळली, रोजच्यासारखी.
दूध कोमट होतं."

पुढची दहा मिनिटं त्यांनी आवंढा गिळला नाही.
मी दोनदा गिळला.

पडद्यावर ठिपके जमत जातात,
काळ्या कापडावर मीठ सांडावं तसे.
डावी झोळी भरली. उजवीही भरत आली,
फक्त वाटाण्याएवढी एक जागा,
तिथं मीठ पडतच नाही.
आम्ही तिला थंड गाठ म्हणतो.

उद्या सुई. मग काय ते डॉक्टर झाउरेश सांगतील.
आपा रुमाल बांधता बांधता विचारतात,
"चांगला आला का फोटो?"
आला, मी म्हणते. तेवढं खरं आहे.
"मग एक मला द्या.
त्या दिवसाचे फोटो त्यांनी पुष्कळ काढले,
आमच्यापैकी कुणाकडे एकही नाही."

प्रिंटरला कागद लावते.
कागदावर सगळं उलटं होतं: मीठ काळं, गाठ पांढरी.
शाई संपत आली आहे.
गाठीला ती लागत नाही.