वळण

मिरजेची आत्या फोनवर म्हणते,
वळण लावायला हवं होतं गं वेळेवर.
तिच्या लेखी वळण म्हणजे पहिलीच्या पाटीवरचा ळ,
चार वेळा गिरवला की येतो.

इथे डंडीत, तिसऱ्या मजल्यावर,
फ्रिजच्या दाराला दोन चौकोन आहेत:
आधी. मग.
खाली वेल्क्रोवर चिकटणारी चित्रं,
मॉरेग बाईंनी शाळेत लॅमिनेट करून दिलेली.
आधी बूट, मग टोस्ट.
आधी दात, मग वॉशिंग मशीन
(त्याला आत फिरणारे मोजे बघायचे असतात,
शेवटच्या गिरकीपर्यंत, स्टुलावर बसून).

कैवल्य आठ वर्षांचा आहे.
त्याच्याजवळ एकतीस शब्द आहेत. मी मोजते.
त्यातला 'बस' एकटाच तीन कामं करतो:
गाडी येते ती बस,
खाली टेक ती बस,
आणि पुरे झालं, तीही बस.
कुठली, ते त्याच्या खांद्यांवरून ओळखायचं.

मार्चमधल्या मंगळवारी पर्थ रोड खणला होता.
चर्चपाशी सरळ जायची ती बस
डावीकडे वळली.
एवढंच झालं.
बाकीच्यांना चार मिनिटं उशीर झाला,
त्याचा मात्र रस्ताच गेला.
त्याने मनगट चावलं,
पुढच्या सीटला लाथा घातल्या,
एका आजोबांची टोपी पडली, त्यांनी ती उचलून
खिडकीबाहेर बघत मांडीवर धरून ठेवली.
कुणी काही बोललं नाही.
इथे बोलत नाहीत.
मी पर्स उलटीपालटी केली,
'थांब'चं कार्ड घरी राहिलं होतं.

घरी आल्यावर एक बूट दारावर, दुसरा माझ्या कानाजवळून,
आणि मी मारलं.
हातावर. हळूच,
असं मॉरेग बाईंना सांगायचं ठरवलं होतं.
हळू नव्हतं.

तो रडला नाही.
फ्रिजकडे गेला. चर्र आवाज झाला.
निळ्या मांडीवर दोन पिवळे पंजे,
कोपऱ्यात माझ्याच अक्षरात: हात मांडीवर.
ते कार्ड त्याने माझ्या पुढ्यात ठेवलं
आणि म्हणाला, बस.

मी त्याच्या खांद्यांकडे पाहिलं.
या वेळी कळलं नाही कुठली.
मी बसले, जमिनीवर, कोट अंगात तसाच.
त्याने वाळूचं घड्याळ उलटं केलं,
तीन मिनिटांचं, हिरव्या वाळूचं,
जे मी त्याच्यापुढे किती वेळा आपटलंय
ते मोजलेलं नाही.

तीन मिनिटं पुष्कळ असतात.
खालच्या मिसेस पेट्रींनी रेडिओ बंद केला होता,
ऐकायला की ऐकू न यावं म्हणून, देव जाणे.
मला माझ्या वडिलांची फूटपट्टी आठवली,
तिच्या कडेला पितळी पट्टी होती.
वळणाचं पाणी वळणावर जातं म्हणतात.
माझे हात मांडीवर होते
आणि उजवा अजून गरम होता.

वाळू संपली. त्याने बघितलं,
नीट, डोळा काचेला लावून,
एक कण अडकला होता तो टिचकीने पाडला.
मग 'मग'च्या चौकोनाखाली टोस्ट लावला.
माझ्यासाठी की त्याच्यासाठी, ते विचारलं नाही.
दोन भाजले.

रात्री मी नवं कार्ड काढलं:
एक बस, तिला वळण.
बस माझ्याने जमत नाही, डब्यासारखी झाली.
लिहिलं, 'आज दुसरीकडून'.
मागच्या बाजूला, फक्त माझ्यासाठी,
आई, हात.

गुरुवारी रस्ता तसाच खणलेला.
कार्ड त्याने इतकं घट्ट धरलं
की प्लास्टिकची कड तळव्यात उमटली.
पहिलं वळण, हुंकार.
दुसरं वळण, माझी बाही ओढली, दातात धरली.
तिसऱ्याला मनगट तोंडात गेलं.

म्हणजे दोन.
मॉरेग बाईंनी वहीत दोन लिहिले आणि खाली रेघ मारली.
आत्याला मी कळवलं नाही.