कर्तरी प्रयोग

गायधनी मॅडम स्पेनला कधीच गेलेल्या नाहीत.
गंगापूर रोडच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
संध्याकाळी सहा ते साडेसात, इंटरमीजिएटची बॅच,
पटावर अकरा, येणारे सात.
पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर द्राक्षं लिहिली:
मे गुस्तान लास उवास.
म्हणाल्या, इंग्रजीतून येणारे इथे महिनाभर अडतात.
तुम्ही कशाला अडाल?
मला द्राक्षं आवडतात.
आवडण्याचं काम द्राक्षांचं,
आपण नुसते बाजूला, 'मला' होऊन बसलेले.

तिकडे नपुंसकलिंग नाही.
तौफिकनं विचारलं, मग लग्न कुठे ठेवायचं?
स्त्रीलिंगात, ला बोदा, मॅडम म्हणाल्या
आणि कटारेकाकासुद्धा हसले.
मी वहीत उतरवून घेतलं.

नोव्हेंबरात ग्लास फुटला.
से मे रोम्पियो एल वासो:
ग्लास फुटला, आपला आपण,
मी तिथे होते एवढंच.
इथेही तुम्ही घरचेच, मॅडम म्हणाल्या,
हातून पडलं, राहून गेलं, होऊन गेलं.
घरून पाच वाक्यं आणा.
तौफिकची गाडीची किल्ली हरवली,
काकांची पेन्शनची फाइल भिजली.
मी चारच आणली.

आमच्या माळ्यावर भांडी बाजारातून आणलेली
एकवीस भांडी आहेत, नावं घातलेली.
माझं नाव, शेजारी ओझरच्या मुलाचं,
ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं.
बाबा परत द्यायला गेले तर दुकानदार म्हणाला,
नाव पडल्यावर आम्ही घेत नाही हो.
आत्या फोनवर सांगते, हिचं मोडलं.
आई म्हणते, जमलं नाही.
बाबा म्हणतात, योग नव्हता.
खुर्चीचा पाय मोडावा
आणि खोलीत कुणीच नसावं, तसं.

मी होते ना खोलीत.
मीच त्याला सोमेश्वरला बोलावलं होतं,
भाजलेलं कणीस थंड होईपर्यंत बोलत होते,
त्याचं काही चुकलं नव्हतं, हेही सांगितलं.
पण घरी येऊन सांगायला गेले
तर वाक्य भलतीकडेच वळलं.
मी आंबा खाल्ला. मी चिंच खाल्ली.
मी लग्न मोडलं.
क्रियापद आपलं चिंचेच्या, लग्नाच्या मागे.
सातवीत याला कर्मणी म्हणत,
पाच मार्कांना.

तोंडी परीक्षेला मॅडमनी विचारलं,
गेल्या वर्षी काय केलंस?
माझी त्र्यंबकची सहल तयार होती,
गेले, पाहिलं, खाल्लं, दमले,
सगळी रूपं घोकलेली.
पंखा कुरकुरत होता. खाली पार्किंगमध्ये
कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती.
मी म्हटलं,
यो रोम्पी एल कोम्प्रोमीसो.
'यो' म्हणायची तिकडे गरज नसते,
माणूस क्रियापदातच असतो,
शेवटच्या ई वर, जिथे जोर द्यायचा तिथे.
तरी मी म्हटलं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं,
मग वहीकडे.
म्हणाल्या, र जरा कमी पडतोय.
शब्दाच्या सुरुवातीचा र असा पातळ नाही चालत,
जीभ थरथरली पाहिजे.
परत म्हण.
मी परत म्हटलं.
तिसऱ्यांदा बरा आला.

सिटीलिंक बसमध्ये खिडकीकडे तोंड करून
मी नुसता र म्हणत होते,
पुढच्या सीटवरचं पोर वळून बघत होतं
आणि मग तेही म्हणायला लागलं,
माझ्यापेक्षा चांगलं.

घरी आईनं विचारलं, तोंडी कशी गेली?
परीक्षा आमच्याकडे आपल्या पायांनी जाते.
बोलले, मी म्हणाले.
ताट वाढताना ती थांबली.
मराठीतही असतात थोडी,
भूतकाळात करणाऱ्याला धरून राहणारी:
शिकले, विसरले, बोलले, म्हणाले.
कुणाशी बोललीस, तिनं विचारलं.
मी म्हणाले, बस ना जरा,
सांगते.