तीळ

मुरूड म्हटलं की आमच्याकडे बार्शी रोडवरचं.
समुद्राचं मुरूड वेगळं, ते मी पाहिलेलं नाही.
समुद्र मी बादलीत करतो:
नळाला आठव्या दिवशी येतं ते पाणी
थेंब थेंब गाळून, त्यात पुण्याहून पार्सलनं आलेलं मीठ,
रात्रभर पंप लावून ढवळलेलं.
मग काचेची नळी सोडायची, काटा बघायचा.
एक पूर्णांक शून्य पंचवीस. झाला समुद्र.
फिल्टरनं टाकून दिलेलं पाणी महानंदा भांड्यांना घेते.
"मीठ बादलीनं आणायलाव, अन् भाजीत चिमूट जास्त पडली की तोंड वाकडं."

दुकान मोटार रिवाइंडिंगचं, गंजगोलाईच्या मागं.
तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता मी बोलतो.
कुणाच्या बोअरला किती फुटांवर नुसता फुफाटा लागला,
कुणाची मोटार एका उन्हाळ्यात तीनदा जळली आणि का,
कुणाचं लग्न कुठं अडलं.
माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.
लातूरला ठाऊक आहे. गिऱ्हाईक अर्धं त्यासाठीच थांबतं.

टाकीत कार्डिनलची जोडी.
चांदीचं अंग, काळे पट्टे, पंखांवर पांढरे ठिपके,
हलतात कमी, तरंगतात जास्त,
पंगतीत वाढायची वाट बघणाऱ्या माणसांसारखे.
अंडी मादीची. सांभाळायची नरानं, तोंडात.
ती घालून मोकळी होते
आणि हा तंबाखूचा बार भरल्यागत जबडा फुगवून
कोपऱ्यात उभा. वीस-बावीस दिवस. खाणं बंद.
मधूनच तोंड उघडतो, अंडी फिरवतो,
ज्वारीहून बारीक, नारिंगी, असतील चाळीसेक,
आणि परत मिटतो.

पहिल्या खेपेला मी ज्याला त्याला आणून दाखवलं.
टॉर्च मारून. काचेवर बोट ठेवून.
चौथ्या दिवशी सकाळी जबडा सपाट.
गिळली होती.

त्याच दिवाळीत मंजूषाचा फोन आला होता अहमदपूरहून,
अप्पा, दुसरा महिना. कुणाला सांगू नका एवढ्यात.
संध्याकाळपर्यंत आमच्या ओळीतल्या अकरा दुकानांनी पेढे खाल्ले.
पुढं जे झालं ते झालं.
पण नंतरचे दोन महिने
पेढे खाल्लेल्या एकेकाला तिलाच सांगावं लागलं,
नाही म्हणून.
ती मला एका शब्दानं बोलली नाही.

आता मे. त्रेचाळीस.
आमच्या खाटेवरचा पंखा टाकीवर गेला,
इन्व्हर्टर हवेच्या पंपाला, आम्ही गच्चीवर.
फ्रीजरमधल्या बाटल्या पाण्यात सोडतो, काढतो, परत सोडतो.
नराचं तोंड पुन्हा भरलंय.
या खेपेला काचेवर वर्तमानपत्र लावलं, तिन्ही बाजूंनी.
थर्मोकोलच्या गोळ्यात काळे केबल टाय खोचून
एक काटेरी गोळा केला. पिल्लं बाहेर पडली की काट्यात दडतात,
त्यांना खरा-खोटा कळत नाही.

मंजूषा आलीय आठ दिवस.
पहिल्या रात्री ताट तसंच सारलं.
कागदाचा कोपरा उचलून आत बघत राहिली बराच वेळ.
"हा काहीच खात नाही का, अप्पा?"
नाही, म्हटलं.
"किती दिवस झाले?"
अठरा.
तिनं कागद खाली सोडला, कडा बोटानं दाबून चिकटवली.
एवढंच. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

दुकानात येतात. काय अप्पा, नवीन काय?
दोन्ही हात कॉइलमध्ये असतात,
बांधायचा दोरा दातात धरलेला.
मी मान हलवतो.
आठवडा झाला, म्हणतात, दात काढलेत की काय म्हाताऱ्यानं.

आज तेविसावा.
पहाटे लाइट जायच्या आधी एकटाच खाली आलो, कागद वर केला.
त्यानं तोंड जरासं उघडलं.
आत डोळे.
नुसते डोळे, एकमेकांना चिकटलेले, बाहेर बघणारे.

"काय झालं?" जिन्यावरून महानंदा.
काही नाही, म्हणालो.