घड्याळ अजून तयार नाही

गलिसियाच्या टोकाला, कोर्बेदोत
घंटा दुपारी तेरा टोले देते,
नगराध्यक्ष बोकडाला विचारून सही करतो,
तेव्हा ब्रेइशोला सावली नाही
याचं कुणाला फारसं काही वाटत नाही.

दर गुरुवारी येतो. कोट समुद्रानं ओला, फरशी कोरडी.
"झालं का, साबेला?"
पावतीवर साल एकोणीसशे एकतीस.
अक्षर माझं.
माझा जन्म त्यानंतर चाळीस वर्षांनी.

पाद्री म्हणतात, वस्तू परत कर, सुटेल बिचारा.
मावशी म्हणते, आधी मजुरी घे.

मी भिंग लावून त्याच्याकडेच बघते.
"एक चाक मिळत नाहीये. पुढच्या गुरुवारी."

घड्याळ मंगळवारपासून चालतंय.
पिठाच्या डब्यात खोल पुरलंय.
आज तो दारात थबकला, कान दिला,
हसला.
"घाई नाही," म्हणाला.