संध्याकाळची बॅच

सातपूरला, हार्डवेअरच्या दुकानावर
पत्र्याच्या खोलीत माझा क्लास भरतो.
पहिली पाळी सुटली की येतात,
अंगाला कूलंटचा वास,
आणि मी फळ्याच्या मधोमध रेघ मारतो:
डावीकडे एक शब्द, उजवीकडे त्याचा चुलतभाऊ.
मराठीत दोघांना मिळून एकच सदरा.

गांगुर्डे आला तो बोटामुळे.
पॉवर प्रेसखाली उजव्या हाताचं गेलं,
विम्याच्या फॉर्मवर कुणी टो लिहून दिलं,
फॉर्म परत: पायाचा एक्स-रे जोडा.
एक्स-रेत पाय अख्खा.
"सर," पहिल्याच दिवशी म्हणाला,
"हाताचं नि पायाचं तेवढं वेगळं शिकवा,
बाकीचं इंग्रजी राहू द्या."
फिंगर, मी लिहिलं.
त्यानं ते वहीत उतरवलं
उरलेल्या चौघांनी पेन धरून.

किसन निमसेनं रजेच्या अर्जात
लीव्हच्या जागी लिव्ह लिहिलं.
मला दोन दिवस जगायचं आहे, असा झाला अर्ज.
सुपरवायझरनं सही केली,
वाचून की न वाचता, कुणास ठाऊक.
मी लाल पेन उघडलं
आणि टोपण परत लावलं.

मग एकदा शेड आणि शॅडो.
झाडाची ती शेड, म्हटलं, डबा उघडून बसता येतं तिच्यात.
माणसाची ती शॅडो, नुसती मागं मागं येते.
पॅकिंगमधली प्रमिला बोरस्ते म्हणाली,
"म्हणजे माझ्या सावलीत कुणाला बसता येत नाही?"
व्याकरणानं नाही.
ती वहीत बघत राहिली.
"पोरगं बसायचं की. गेटाबाहेर, मे महिन्यात,
बसची वाट बघताना.
ऊन सरकलं की मीच सरकायचे."
त्या दिवशी फळा लवकर पुसला.

अठ्ठावीस वर्षं मला वाटत आलं
की काटकसर आपल्याच भाषेची:
एक सावली, एक बोट,
आणि कानावर पडलेलं, कान देऊन घेतलेलं,
दोन्ही नुसतं ऐकलेलं.

परवा मखमलाबादहून पुतण्याचा मेसेज आला.
काकाशी इंग्रजीत बोलायचं, ही सवय मीच लावलेली.
वुई आर सेलिंग अवर लँड, काका.
एवढंच. खाली द्राक्षाच्या घडाचा फोटो, अजून हिरवा.

वुई.
आपण की आम्ही?
विहिरीच्या पाळीवरून थोरल्याशी बोलणं बंद
त्याला अकरा वर्षं झाली.
त्याआधी मळा आपला होता.
एका दिवाळीत, फराळाचं ताट पुढं असताना,
तो सहज म्हणून गेला, आमचा.
आ तेवढा सामाईक राहिला,
सातबाऱ्यावर राहतो तसा.

इंग्रजीत मात्र बांध दिसत नाही.
सही मागतोय पोरगा, की नुसतं कळवतोय?
वुई उलटापालटा करून पाहिला,
कुठंच शिवण नाही.

काल तेच वाक्य फळ्यावर लिहिलं.
कुणाचं ते सांगितलं नाही.
"आपण," किसन लगेच म्हणाला. त्याला जमीनच नाही.
"आम्ही, सर," प्रमिला म्हणाली,
"आपण असतं तर विकायच्या आधी विचारलं असतं."
गांगुर्डे चार बोटांनी डोकं खाजवत होता.
"लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसलं तर?"

खाली त्र्यंबक रोडवर कंपनीची बस हॉर्न देत होती.
सवयीनं मी मधोमध रेघ मारली,
डावीकडे लिहावं की उजवीकडे कळेना,
तेव्हा वुई रेघेवरच लिहिला.

उत्तर अजून दिलेलं नाही.
रात्री मराठीत लिहायला घेतो,
आ टाइप होतो,
आणि कीबोर्ड खाली
दोन शब्द धरून थांबतो.