पुसण्याआधी

बाहिया ब्लांकाच्या रेल्वे क्लबात कोर्टं दोनच,
त्यातलं एक वाऱ्याचं.
दुसऱ्यावर मी पाणी मारते, ओढजाळी फिरवते,
सुटलेल्या पांढऱ्या पट्ट्यांना खिळे ठोकते,
आणि संध्याकाळी सगळं पुसण्याआधी
वाचते.

विटांची भुकटी खोटं बोलत नाही.
ताठ उभं राहून खेळलेल्याची टाच उमटते,
चपटी, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी.
वाकलेल्याचे नुसते चवडे,
कणकेत अंगठे दाबावेत तसे खोल.
कंबरेतून वाकणारे तर लगेच कळतात:
एक पाऊल पुढे सांडलेलं.
चेंडूमागे नाक गेलं,
पाय घरीच राहिले.

ऐलिनचं असंच व्हायचं.
चौदा वर्षांची, दाराच्या चौकटीत न मावणारी,
खालचा चेंडू आला की पाठीतून मिटायची
घडीच्या चाकूसारखी.
ओब्दुलिओ खांबाजवळच्या खुर्चीतून ओरडायचा,
"पाठ नको! पाठ चर्चसाठी ठेव!
गुडघा दे मला, गुडघा!"
त्याने झाडूच्या दोन दांड्यांना सुतळी बांधली
तिच्या खांद्याच्या उंचीवर.
"हिच्याखालून जा. मान न घालता.
डोक्यावर भरलेला पेला आहे समज."
पहिल्या दिवशी तिने सतरा वेळा पेला सांडला.
मी मोजत होते.

रविवारी तिचा बाप आला, रोहेलिओ,
वर्कशॉपातला वेल्डर, काखेत माते-चहाचा थर्मास.
सुतळीखालून जाणारी मुलगी पाहून म्हणाला,
"आमच्या घरात कुणी वाकत नाही.
संपात नाही, साहेबापुढे नाही.
मोडू, पण वाकणार नाही."

ओब्दुलिओने पँटचा उजवा पाय
सावकाश वर गुंडाळला,
जुनी पावती उलगडून दाखवावी तसा.
गुडघ्यावरून टाके गेलेले,
यार्डातल्या गंजक्या रुळासारखे.
"बावीस वर्षं ताठ खेळलो," म्हणाला.
"हा बघ. मोडलो."
रोहेलिओला थर्मासचं झाकण लावायला
फार वेळ लागला.

मग तो पोरीला सांगत बसला:
"टेकणं वेगळं.
टेकलेला गुडघा जमिनीचा होतो.
वाकलेला तुझाच राहतो,
जमिनीकडून थोडं उसनं घेऊन वर येतो."
मी तेव्हा पट्टीला खिळा ठोकत होते,
दोन्ही गुडघे टेकून.
ऐकलं. काही बोलले नाही.
पण त्याची बेसलाइन सरळ असते
ती कशामुळे, ते मला माहीत आहे.

जुलैत, पाइपात पाणी गोठलं त्या आठवड्यात,
ऐलिनच्या पावलांच्या टाचा गेल्या.
आधी डाव्या बाजूच्या, मग सगळ्याच.
चेंडू जाळीवरून जाताना आवाजही बदलला,
जाड झाला.
ओब्दुलिओ त्या दिवशी ओरडला नाही.
खुर्चीच्या हातांवर बोटं वाजवत राहिला.

आणि दुसऱ्या सकाळी,
रात्री मी गुळगुळीत करून ठेवलेल्या कोर्टावर,
बेसलाइनच्या मागे चवड्यांचे दोन ठसे.
मोठे. डावा खोल.
उजवा टेकवला-न टेकवल्यासारखा.
चेंडूची एकही खूण नाही.
थोडं पुढे एक तळहात, पाची बोटं पसरलेली,
आणि तिथून खुर्चीपर्यंत
घासत गेलेली लांब रेघ.

वारा सुटायला अजून तास होता,
ऐलिन यायला वीस मिनिटं.
मी ओढजाळी आणली.
आधी रेघ पुसली. मग हात.
उजव्या ठशापाशी थांबले, खाली बसले:
चवड्याच्या आतल्या कडेला भुकटी
दबली होती. जराशीच.
खिळ्याच्या डोक्याएवढी.

म्हणजे वाकला होता.

मग तोही पुसला.